शिव्या खायचा तास

दुपारचं जेवण झालं, भांडी घासून उपडी घातली की आमच्याकडे शिव्या खायचा तास असे.

जळगावात, पिंप्राळ्याला, पिठाच्या गिरणीच्या वर एक लांबट हॉल भाड्याने घेतलेला होता. ग्रामपंचायतीला उभ्या राहणाऱ्या बायकांची तिथे पाच-पाच दिवसांची शिबिरं व्हायची. सकाळी कायदा, अर्ज कसा भरायचा, ग्रामसभेत कोण काय विचारू शकतं, असलं सगळं फळ्यावर. दुपारी फळा नाही. मधोमध एक लाकडी खुर्ची ठेवायची, एकीने तिच्यावर बसायचं, आणि गावात तिला जे जे ऐकावं लागणार ते बाकीच्यांनी तिच्या तोंडावर म्हणायचं. रडलं तरी चालेल, उत्तर दिलं तरी चालेल, खुर्ची सोडायची नाही. नियम एवढाच.

मी तिथली स्वयंपाकीण. माझं गाव धुळ्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. शाळा सहावीनंतर सुटली. आई कपाशी वेचायला जायची आणि धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागायचं. गुरुजी दोनदा घरी येऊन समजावून गेले, तिसऱ्यांदा आले नाहीत. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा मला रिक्षेवरची पाटीसुद्धा अडखळत वाचता यायची. शिबिर चालवणाऱ्या बाईंनी मला कामावर घेतलं. त्यांना सगळे अक्का म्हणत. निवृत्त शिक्षिका, खाली गिरणी चालू असली तरी त्यांना माईक लागत नसे. भाजी निवडताना त्या मला पेपर वाचायला लावायच्या, चुकले की परत पहिल्यापासून. आज मी सुरतेत राहते, नवरा लूमवर जातो, मी घरी साड्यांना टिकल्या लावते, आणि आमच्या गल्लीतल्या बायका फॉर्म वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. ते अक्कांमुळे. खाली जे लिहिलंय ते वाचून कुणी अक्कांना वाईट म्हणू नये, एवढी मला काळजी आहे. वाईट मी केलं.

सुरुवातीला तो तास अगदी पुळचट चालायचा. शेतकऱ्यांच्या घरच्या, मानाने वागणाऱ्या बायका. एकमेकींना म्हणायच्या, "ताई, तुम्हाला घरचं सांभाळून हे जमेल का हो?" अक्का कपाळाला हात लावायच्या. "अहो, ही शिवी झाली का? हळदीकुंकवाला आलात का इथे?" एक दिवस त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, इकडे ये. तुमच्याकडे लग्नात विहिणीला गाऊन गाऊन रडकुंडीला आणतात म्हणत होतीस ना? हिला आण बघू."

खुर्चीवर चोपड्याकडची एक उंच बाई बसली होती. मी पदराला हात पुसत आले आणि म्हटलं, "काय वं माय, घरमा सासू इचारस नही, आते गाव इचारी का?"

हॉल हसला. त्या बाईचा चेहरा उतरला, कारण तिची सासू तिला खरंच विचारत नव्हती. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण कुणाचं कुठे दुखतं ते मला पटकन दिसतं, काखेत उसवलेला ब्लाउज दिसावा तसं. तिकडे बोट घातलं की पुढचं आपोआप फाटत जातं. ती बाई रडली, पण खुर्ची सोडली नाही. अक्का खूश. "पुरुष काय बोलतील हिच्यापुढे! उद्यापासून हिचा तास."

घरी जन्मभर 'तोंड आवर' ऐकलेलं. आता कुणीतरी म्हणत होतं, अजून बोल. मी बोलत गेले. वांझ म्हटलं, नवऱ्याने टाकलेली म्हटलं, काळी म्हटलं, जातीवरून म्हटलं. त्या परत जाताना माझे हात हातात घेऊन म्हणायच्या, बाई, तू आम्हाला घट्ट केलंस. काहीजणी निवडून आल्या, पेढे घेऊन आल्या. मीही त्या पेढ्यांमध्ये माझा वाटा धरायचे.

एकदा मी अक्कांना विचारलं, "अक्का, मी उभी राहू का कधी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हिशेब केला आणि म्हणाल्या, "तुझ्या वयाच्यांना सातवी पास लागते गं." एका इयत्तेने मी बाहेर होते. माझ्यापेक्षा मोठ्या, अंगठा उठवणाऱ्या बायकांना ती अट नव्हती, मला होती. मी म्हटलं, बरं. आणि पोळ्या लाटायला गेले.

त्याच महिन्यात बोदवडकडची ताई आली.

तिच्या गावात सरपंचाची जागा बायकांसाठी निघाली होती. नवरा दीपनगरला ठेकेदाराकडे कामाला, दोन मुली. तिला उभं राहायचं होतं ते एका कुलुपासाठी. गावात बायकांसाठी संडास बांधून झाले होते, पण माजी सरपंचांनी त्यात खताच्या गोण्या भरून कुलूप लावलं होतं. किल्ली त्यांच्या कमरेला. बायका अजून रेल्वेच्या रुळाकडे जायच्या, मागून मोटरसायकलीचा दिवा पडला की उठून उभ्या राहायच्या. ताई म्हणायची, मला बाकी काही नको, ते कुलूप काढायचं आहे. बोलायची छान. फक्त 'स' आला की अडकायची. इतर कुठलंच अक्षर नाही. 'स' आला की मान पुढे यायची, डोळे मिटायचे आणि स-स-स चालू. आणि मला तेव्हा कळलं की गावच्या कारभारात सगळं 'स'पासूनच सुरू होतं. सरपंच. सदस्य. सभा. सही. संडास.

ती शब्द चुकवायची. सरपंचाला 'गावचं मोठं पद' म्हणायची, सभेला 'मीटिंग', संडासाला 'बायकांची खोली'. अक्कांनी तिसऱ्या दिवशी पकडलं. "शब्द चुकवायचा नाही. विरोधक तुझ्याकडून तोच वदवून घेतील. म्हण, मी सरपंच पदासाठी उभी आहे."

"मी स... स... स..."

कुणी हसलं नाही. सगळ्या खाली बघत बसल्या. अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या हिला बसव. दया करू नकोस. दया गावात कुणी करणार नाही."

मी दया केली नाही. दुसऱ्या दिवशी एरंडोलच्या एका मुलीच्या हातात माझा फोन दिला, म्हटलं, गाणं भरून घे, मला ऐकायचंय. कणकेची परात पुसून मांडीवर घेतली आणि विहिणीच्या चालीवर लावलं:

स-स-स-सरपंचीन ऊनी वं माय,
स-स-स-सभा भरनी वं माय,
स म्हनता म्हनता सांज व्हयनी,
बठ्ठी सभा घर गयी वं माय!

आमच्या बोलीत 'ऊनी' म्हणजे आली. सभा भरली, 'स' म्हणता म्हणता संध्याकाळ झाली, सगळी सभा घरी गेली. परातीवर मी तिचाच अडखळण्याचा ठेका धरला होता. दोन छोटे, एक लांब, मग ओढ. तीन दिवस तिचं ऐकून तो माझ्या बोटांत बसला होता. बायका आधी दबून, मग पोट धरून हसल्या. ताईसुद्धा हसली. मग तिने डोळे मिटले आणि माझ्या गाण्यावरून, मोठ्या आवाजात, आपलं भाषण म्हणायला लागली. अडकत होती, पुढे जात होती. मी गात राहिले, ती बोलत राहिली. संडास, सभा, सही, सगळे शब्द तिने म्हटले. शेवटी मी दमून परात खाली ठेवली तेव्हा ती म्हणाली, "झालं का तुझं? माझं अजून आहे."

टाळ्या पडल्या. अक्कांचे डोळे भरून आले. ताईने येऊन माझी हनुवटी धरली. "हे स... सहन झालं म्हणजे आता गावातलं काहीही होईल गं मला."

तेवढ्यावर थांबले असते तर. भांडी आवरल्यावर जिन्यात बसून मी फोनवर ते ऐकलं. माझाच आवाज, आणि मागे चाळीस बायका हसतायत. मी असं काही कधी केलेलं नव्हतं. आमच्या घरच्यांचा एक ग्रुप होता. मामा, मावश्या, मावसबहिणी. ज्या मामाने लहानपणी चारचौघांत म्हटलं होतं की ही पोर तोंडाने फुकट जाणार, तोही त्यात होता. मी ते पाठवलं. खाली लिहिलं, 'माझं गाणं.' ताईचा आवाज सुरू व्हायच्या आधीचं गाणं तेवढंच कापून पाठवलं, कारण पुढे माझा आवाज तिच्या आवाजाखाली दबत होता.

हसणारी तोंडं आली. मामाचंही आलं. मला इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी मी भाजीत मीठ दोनदा घातलं. आमची एक मावसबहीण बोदवडकडे दिलेली आहे, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. आणि असतं तरी पाठवलं नसतं का, याची मला आजही खात्री नाही. ताईला दोन अक्षरं धड बोलता येत नाहीत आणि ती सरपंच होणार, आणि मी सहावी; हे मनात होतं की नव्हतं? होतं.

मतदानाच्या आधी अक्का मला घेऊन ताईच्या गावी गेल्या. प्रचाराला फिरणाऱ्या बायकांचं जेवण करायला कुणीतरी हवं होतं. बोदवडला गाडीतून उतरलो, रिक्षा केली. गावात शिरताना शाळा सुटली होती. दप्तरं पाठीवर घेतलेल्या मुली एका पायावर उड्या मारत चालल्या होत्या आणि उडीबरोबर म्हणत होत्या, स-स-स-सरपंचीन ऊनी. आधी, खरं सांगते, आनंद झाला. आपलं गाणं! मग मावसबहीण आठवली.

चौकात माजी सरपंचांचा टेम्पो उभा होता. त्यांनी सुनेला उभं केलं होतं. फलकावर डोईवरून पदर घेतलेला तिचा फोटो, वर कर्णा. कर्ण्यातून मी गात होते. कुणा दुसरीने म्हटलेलं नव्हे, मीच. परातीसकट.

अक्का रिक्षा थांबवून ऐकत राहिल्या. "हा तुझा आवाज आहे."

"कुणीतरी भरून घेतलं असेल, अक्का."

"फोन कुणाकडे होता त्या दिवशी?"

मी एरंडोलच्या मुलीचं नाव सांगितलं. फोन तिच्या हातात होता, यात खोटं काही नव्हतं. फोन माझा होता, हे मी म्हटलं नाही. ती मुलगी पुढच्या वर्षी सदस्यपदाला उभी राहणार होती. तिला परत कधी शिबिराला बोलावलं नाही.

ताईच्या घरी गेलो. तिने पाणी दिलं, चहा ठेवला. माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांच्याकडची बोली वेगळी. 'ऊनी वं माय' हे त्यांच्या गावात कुणी म्हणत नाही. गावाला ते बाहेरचं, म्हणून जास्तच गमतीचं वाटत होतं. ताईला मात्र कुठून आलं ते माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "साखर कमी आहे का चहात?" 'साखर' म्हणताना अडकली. बाहेरून कुणीतरी लगेच ठेका दिला. घराच्या भिंती पत्र्याच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपावर पाणी भरायला गेले. माजी सरपंचांची सून तिथे आली. फोटोतल्यापेक्षा लहान दिसत होती. आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "गाणं तुम्हीच म्हटलंय ना? बोलता तशाच गाता."

मी माझी घागर पंपाखाली सरकवली.

"छान आहे. मला बरं वाटतं ऐकायला. तेवढा वेळ माझ्याबद्दल कुणी काही बोलत नाही." मग घागर उचलताना म्हणाली, "मला विचारलं नाही हो कुणी. फोटो काढायला बस म्हणाले, बसले."

शेवटच्या दिवशी ताईची सभा त्या कुलूप लावलेल्या संडासांसमोर होती. माणसं बरीच जमली, निम्मी मजा बघायला. ताई स्टुलावर उभी राहिली. पहिली दोन वाक्यं 'स' न येता गेली. मग तिने अक्कांकडे पाहिलं आणि चुकवायचं सोडून सरळ म्हणाली, "मी स... स..."

पुरुष गप्प होते. सुरुवात बायकांनी केली. लग्नात गाणाऱ्या, गळा असलेल्या बायका असतात ना, त्यांनी. ज्यांना त्या कुलुपामुळे रुळाकडे जावं लागत होतं त्यांनीच. त्यांचं ताईशी काही वाकडं नव्हतं. गाणं चांगलं होतं, तोंडावर होतं, समोर ठेका चालू होता. ताई शिकवल्याप्रमाणे थांबली नाही. डोळे मिटून, मान पुढे काढून बोलत राहिली. पण हॉलमध्ये मी एकटी होते, इथे अख्खा चौक. आणि मी तिचा 'स' इतका नेमका पकडला होता की ती जिथे अडकायची तिथेच गाण्याची ओढ यायची. जणू ती त्यांच्याबरोबर गातेय. 'संडास' शब्दाला तर सगळे एकदम तिच्यासोबत सुटले आणि हशा असा उठला की तिची धाकटी मुलगीही हसली. मग आईकडे बघून रडायला लागली.

ताईने भाषण पूर्ण केलं. शेवटचं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. अक्का माझ्या कानात म्हणाल्या, "बघ, स्टूल सोडलं नाही तिने." त्यांना अभिमान वाटत होता.

ती पडली. थोडक्यात पडली असं म्हणाले.

निकालानंतर तिने मला फोन केला. "कुणाला पाठवलं होतंस?"

"घरच्यांना, ताई."

"कशासाठी?"

"चांगलं झालं होतं म्हणून."

ती म्हणाली, "हो. झालं होतं चांगलं." आणि फोन ठेवला. अक्कांना तिने कधी सांगितलं नाही. मीही नाही. पुढच्या शिबिरांत अक्का ते गाणं मला म्हणायला लावायच्या, नवीन बायकांना कळावं म्हणून की प्रत्यक्षात काय होतं. मी म्हणायचे. मला कामाची गरज होती, आणि अक्कांना नाही म्हणायला माझं तोंड उठत नव्हतं. नवऱ्याला सुरतेत काम लागलं तेव्हा मी देवापुढे दिवा लावला.

पाच वर्षं गावाने ताईला 'स-स-बाई' म्हटलं. तिच्या मोठीला शाळेत त्याच नावाने हाक मारायचे. सून सरपंच झाली, सासरा बोट ठेवेल तिथे सही करत राहिली. कुलूप तसंच.

यंदा सोडतीत ती जागा पुन्हा बायकांसाठी निघाली आणि ताईचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "स... सून परत उभी आहे. तिच्यावर गाणं कर."

"ताई, मी आता गात नाही."

"मला विचारलं होतंस तेव्हा, करू का म्हणून?"

"ती काही बोलत नाही हो कधी. तिच्यावर काय करायचं?"

"तेच कर. बोलत नाही त्याचं."

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी साडीला टिकल्या लावता लावता ओळ आली. यायला नको होती, पण आली, आणि आल्याबरोबर मला हसू फुटलं:

बोल वं बाई बोल, तुना तोंडमा काय वं?
सासरानी किल्ली शे, थुकू कशी माय वं?

तुझ्या तोंडात काय आहे, बोल. सासऱ्याची किल्ली आहे, थुंकू कशी. डबा उपडा करून मी ठेका धरला, भरलं, पाठवलं. या वेळी फक्त ताईला पाठवलं आणि माहीत असून पाठवलं.

ताई निवडून आली. शपथ घेताना, सही करताना अडकली, कुणी हसलं नाही म्हणे. दुसऱ्याच दिवशी कुलूप तोडलं. तिने फोटो पाठवला; खताच्या गोण्या बाहेर काढून ठेवल्यात आणि बायका बादल्या घेऊन उभ्या आहेत. मी तो फोटो गल्लीत सगळ्यांना दाखवला. मला झालेला आनंद खोटा नव्हता. पाच वर्षं ज्या बायका मागून दिवा पडला की उठून उभ्या राहत होत्या त्या आता दार लावून बसू शकत होत्या.

सुनेचं मला मावसबहिणीने सांगितलं. तिच्या दारावरून जाणारी पोरं 'थूक, थूक' म्हणायची. सासरा म्हणाला, हिच्या गप्प बसण्यानेच घराची अब्रू गेली. जन्मभर जिला गप्प बस म्हटलं तिला आता म्हणाले, चार शब्द बोलली असतीस तर काय झालं असतं. तिला माहेरी पाठवून दिलं. तिचा मुलगा ठेवून घेतला.

मी ताईला फोन केला. मागे बायकांचा गलका होता, ग्रामसभा चालू व्हायची होती. मी विचारलं, "तिचं काही कळलं का, ताई?"

"कुणाचं?"

"सुनेचं."

"हं, ती." ताईने कुणाला तरी सतरंजी सरळ करायला सांगितलं. मग मला म्हणाली, "तिला कुणी अक्कांकडे शिबिराला पाठवायला हवं होतं गं. तयारीच नव्हती तिची."